स्वच्छ पाण्यातली उपासमार

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत घरच्या मत्स्यालयाचं रूप पार पालटलं. रंगीत खडी आणि बुडबुडे सोडणारी प्लास्टिकची पेटी गेली, खऱ्या वनस्पतींच्या टाक्या आल्या. जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो यांनी १९८०च्या दशकात शेवाळ खाणारी कोळंबी टाकीत सोडायला सुरुवात केली होती. ती लाट आपल्याकडे पोचली तेव्हा कोळंबी पाळायची असते, हे घरच्यांना पटवणं जड गेलं; कालवणाचं काय, हा प्रश्न आधी यायचा.

त्याच सुमारास दुकानांत बांबू श्रिम्प दिसू लागली. आग्नेय आशियातल्या वाहत्या ओढ्यांतली, बोटाएवढी, तपकिरी. तिच्या पुढच्या चार पायांच्या चिमट्यांवर केसांचे झुबके असतात. चिमटा उघडला की त्याचा पंखा होतो. प्रवाहातून येणारे कण त्यात अडकतात आणि एकेक पंखा मिटून तोंडाशी जातो. हे बघत तासन्‌तास निघून जातात. सल्ला एकच मिळायचा: फिल्टरच्या धारेसमोर दगड ठेवा, बाकी तिचं ती बघेल.

धार होती, पण धारेत काही नव्हतं. ओढ्याच्या पाण्यातून कुजलेल्या पानांचा भुगा, शेवाळाचे कण, जिवाणू सतत वाहत असतात. आपला फिल्टर नेमकं तेच काढून टाकतो. जितका मालक टापटिपीचा, तितकी श्रिम्प उपाशी. ही उपासमार इतकी संथ चालते की काही महिन्यांनी श्रिम्प मेली की दोष कात टाकण्यावर नाहीतर उन्हाळ्यावर जायचा.

पुढे दुसरा नियम रूढ झाला: पंख्यांनी तळ खरवडताना दिसली की भुकेली समजा. हा नियम उपयोगी आहे, पण अर्धाच. जेफ्री फ्रायर यांनी १९७७ साली डॉमिनिका बेटावरच्या तिच्या भाऊबंदांवर लिहिलेल्या अभ्यासात दाखवलं होतं की या कुळातल्या कोळंब्या त्याच केसांनी पाणी गाळतात आणि दगडही झाडून घेतात. तेव्हा अधूनमधून तळ झाडणं हा स्वभाव; चांगली धार सोडून दिवसचे दिवस तळाशीच राहणं ही भूक. छंदाला हे समजायला दशकं लागली, कारण शास्त्रज्ञांची नियतकालिकं दुकानात कोण वाचतो?

आता खाणं मुद्दाम घातलं जातं. स्पिरुलिनाची पूड किंवा माशांचं खाणं अगदी बारीक कुटून टाकीच्याच पाण्यात कालवायचं आणि ड्रॉपरने धारेच्या वरच्या बाजूला, श्रिम्पच्या अंगावर नव्हे, हळूहळू सोडायचं. तेवढा वेळ फिल्टर बंद आणि पाणी फिरवणारा छोटा पंप चालू, ही युक्ती मला सगळ्यात पटली. नुकतीच फुटलेली आर्टेमियाची पिल्लंही चालतात. यीस्टचा मात्र मधे फार बोलबाला झाला. जरा जास्त पडलं की पाणी दुधाळ होतं आणि बिघडतं. नवी टाकी तर तिच्यासाठी नकोच. काही महिने मुरलेली, शेवाळ धरलेली बरी.

एक गोष्ट या सगळ्या वर्षांत फारशी हलली नाही. तिच्या अळ्यांना वाढायला खारं पाणी लागतं, त्यामुळे घरी पैदास जवळपास होतच नाही. दुकानातली बहुतेक बांबू श्रिम्प आजही कुठल्यातरी ओढ्यातून पकडूनच आणलेली असते, आणि वाटेतल्या चकचकीत टाक्यांमध्ये तिला कोणी पूड घातलेली नसते. म्हणून घरी आणल्यावर पहिले काही आठवडे हात जरा सढळ ठेवावा.