दाद कुणाच्या हातातून जाते

चिश्ती सूफींच्या दर्ग्यातल्या मेहफिलीत एखाद्याला ओळ लागली, की तो खिशातून नोट काढतो, पण कव्वालाकडे फेकत नाही. आधी मेहफिलीच्या प्रमुखापुढे, म्हणजे सज्जादानशीन किंवा त्या दिवशी मानाच्या जागी बसलेल्या बुजुर्गापुढे, वाकून ती दोन्ही हातांनी धरतो. बुजुर्ग नोटेला हात लावतात आणि मगच ती पेटीपुढच्या चादरीवर पोहोचते. कव्वाल डोळ्याच्या कोपऱ्यातून सगळं टिपत असतो. कोण उठलं, कोणत्या शब्दावर उठलं, याची नोंद त्याच्या डोक्यात पक्की होते, कारण त्याचं पोटही त्यावरच आहे. पण त्या नोटेला ‘आता अमुक गा’ असा हुकूम चिकटलेला नसतो. तो हुकूम बुजुर्गांच्या हातापाशीच गळून पडतो.

आपल्याकडच्या रंगमंचावर ‘चांगलं कोण’ हे कुणी आणि कसं ठरवलं, याचा माग काढायला खुलताबादपासून सुरुवात करण्याचं कारण हेच. दौलताबादच्या किल्ल्यावरून वेरूळकडे जाताना घाटमाथ्यावर लागणारं हे गाव पूर्वी नुसतं ‘रौजा’ म्हणून ओळखलं जाई. मुंतजिबुद्दीन जरजरी जरबक्ष, त्यांचे बंधू बुऱ्हाणुद्दीन गरीब, त्यांचे उत्तराधिकारी जैनुद्दीन शिराजी अशी चौदाव्या शतकातली मोठी नावं इथे विसावली आहेत. इथेच अमीर हसन सिज्जी यांचीही कबर आहे. ते अमीर खुसरोंचे मित्र आणि स्वतः फारसीतले नामांकित कवी. पण आपल्या विषयाशी त्यांचं नातं वेगळं आहे. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांच्या बैठकीतलं बोलणं त्यांनी १३०८ ते १३२२ या काळात टिपून ठेवलं. तोच ‘फवाइद-उल-फुआद’ हा ग्रंथ.

त्या परंपरेत ‘समा’साठी, म्हणजे ईश्वराच्या ओढीनं ऐकायच्या गाण्यासाठी, चार अटी सांगितल्या जातात. गाणारा प्रौढ पुरुष हवा. पोर नको, बाई नको. गायचं ते सवंग नको. चंग, रबाब यांसारखी वाद्यं नकोत. आणि ऐकणाऱ्याचं मन ईश्वराकडे लागलेलं हवं. मला यातली ही शेवटची अट सर्वांत धाडसी वाटते. स्पर्धा, परीक्षण म्हटलं की आपण मंचावरच्या माणसाची झडती घेतो. इथे झडती समोर बसलेल्याची आहे. त्याचं मन जागेवर नसेल, तर गाणं कितीही सुरेल असलं तरी ती मेहफिल नापास.

या गाण्यावर एकदा खराखुरा खटलाही चालला. गियासुद्दीन तुघलकाच्या कारकिर्दीत (१३२० ते १३२५) उलेमांनी तक्रार केली आणि निजामुद्दीन औलियांना दरबारात बोलावून समा धर्माला धरून आहे की नाही, यावर वाद झाला. देशोदेशी फिरून आलेल्या एका विद्वानानं तिकडे बगदादपासून शामपर्यंत अशा मेहफिली होतात, अशी साक्ष दिली. सुलतानानं समाला बंदी केली नाही. संगीताच्या परीक्षणाला दरबार, फिर्यादी आणि साक्षीदार लाभल्याची इतकी जुनी उदाहरणं आपल्याकडे फार नाहीत.

बुऱ्हाणुद्दीन गरीब हे या गाण्याचे सर्वांत वेडे रसिक. १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं दिल्लीची वस्ती दौलताबादकडे हलवायला घेतली, त्या लोंढ्यात चिश्ती मंडळीही दख्खनेत आली. समामध्ये डोलण्या-नाचण्याची बुऱ्हाणुद्दीन यांची अशी खास ढब होती, की तिच्यामुळे त्यांच्या शिष्यांना ‘बुऱ्हाणी’ म्हणू लागले. घराणं ओळखलं जावं ते गाणाऱ्यावरून नव्हे, ऐकणाऱ्याच्या अंगविक्षेपावरून! खयालाच्या घराण्यांचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्या मंडळींनी यावर जरूर विचार करावा. बुऱ्हाणुद्दीन १३३७ साली वारले. तापीकाठचं बुऱ्हाणपूर त्यांच्याच नावानं वसलं.

मेहफिलीत कव्वालाला एक नियम कसोशीनं पाळावा लागतो. एखाद्या शब्दावर कुणाला ‘हाल’ आला, म्हणजे भान हरपलं, तो उभा राहिला, तर सगळी मेहफिल त्याच्यासोबत उभी राहते आणि कव्वालानं तोच शब्द, तीच ओळ घोळवत राहायचं. ही ‘तकरार’. पुढचा शेर कितीही जमवून आणलेला असो, त्या माणसाचा आवेग ओसरेपर्यंत तो गिळून टाकायचा. यामागे दिल्लीच्या कुतुबुद्दीन बख्तियार काकींची आठवण आहे. १२३५ मध्ये समा चालू असताना एका फारसी शेरानं त्यांची शुद्ध हरपली, दिवसच्या दिवस तोच शेर घोळवला गेला आणि अखेर त्यातच त्यांचा प्राण गेला, असं परंपरा सांगते. संगीत नाटकातला ‘वन्समोअर’ त्यापुढे फिका वाटतो. तिथे सगळं थिएटर ओरडतं आणि नट आनंदानं पद पुन्हा म्हणतो. इथे एकच माणूस, तोही न बोलता, तासभराचा कार्यक्रम अडवून धरतो.

आणि खुलताबादेतच, जैनुद्दीन शिराजींच्या दर्ग्याच्या आवारात, औरंगजेबाची उघडी कबर आहे. त्यानं दरबारातलं गाणं बंद केलं. मग गवय्यांनी संगीताची तिरडी काढली. ‘इतकं खोल पुरा की आवाज वर यायला नको,’ असं तो म्हणाला, ही गोष्ट इतिहासकार खाफीखान आणि इटालियन प्रवासी मनुची यांच्यामुळे घराघरांत गेली. बंदी खरोखर किती कडक होती, याबद्दल अलीकडच्या अभ्यासकांनी शंका घेतली आहे. काही का असेना, बादशहानं कायमचा मुक्काम निवडला तो समाच्या वेडानं गाजलेल्या गावात.

आता दुसऱ्या टोकाला जाऊ. अमेरिकेत गेल्या शतकाच्या आरंभी व्हॉडव्हिल नावाचा मिश्र करमणुकीचा धंदा जोरात होता. एका तिकिटात गवई, विदूषक, कसरतपटू, जादूगार. हौशी कलाकारांच्या रात्री प्रेक्षक वैतागले, की विंगेतून लांब आकडा यायचा आणि कलाकाराला ओढून न्यायचा. हार्लेमच्या अपोलो थिएटरात १९३४ पासून हौशी रात्री सुरू झाल्या. त्याच वर्षी नाचायचं ठरवून आलेली सतरा वर्षांची एला फिट्झजेराल्ड ऐनवेळी गायली आणि जिंकली. बुजुर्ग नाही, मध्यस्थ नाही. आरडाओरडा हाच निकाल.

आपल्याकडे व्हॉडव्हिलच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट म्हणजे संगीत बारीचं थिएटर. ढोलकी-फडाचा तमाशा वेगळा; त्यात गण, गवळण, बतावणी आणि रात्रभर चालणारा वग. बारीत एकाच थिएटरात अनेक पार्ट्या. पुण्याचं आर्यभूषण, लालबागचं एकेकाळचं हनुमान, चौफुल्याची कला केंद्रं ही त्यातली गाजलेली ठिकाणं. पार्ट्या आवारातच खोल्या घेऊन राहतात आणि प्रत्येक पार्टी आपली पाळी आली की मंचावर येते. पाळी म्हणजेच बारी. पेटी, तबला, ढोलकी, आणि पुढे मालकिणीसह नाचणाऱ्या-गाणाऱ्या बाया. शेजारच्या पार्टीनं आत्ताच टाळ्या घेतल्यात, तिच्यावर कडी करायची आहे, हा ताण रोजचा. परीक्षकाचं टेबल कुठेही नाही, तरी परीक्षा रोज संध्याकाळी.

निकाल लागतो तो दौलतजाद्यानं. समोरचा रसिक नोट दाखवतो, बाई पुढे येऊन ती घेते, आणि नोटेबरोबर फर्माईश येते. चिश्ती मेहफिलीत जो हुकूम वाटेत गळून पडतो, तो इथे थेट पोहोचतो. परिणाम उघड आहे. बैठकीच्या लावणीत एकाच ओळीवर बसल्या जागी नजर, मान, बोटं यांनी दहा अर्थ दाखवणारी अदाकारी हे या कलेचं खरं वैभव. वाईच्या यमुनाबाई वाईकरांनी (१९१५ ते २०१८) ते अखेरपर्यंत जपलं. पण फर्माईश चालू सिनेमाच्या गाण्याची आली, तर पार्टी तेच करणार. दोष बायांना देणारे खूप आहेत. नोटेच्या वाटेत एकही शहाणा हात का नव्हता, हे मात्र कुणी विचारत नाही.

तरी खुलताबादची बाजू घेताना जरा थांबावं लागतं. तिथली व्यवस्था इतकी नीटस राहिली, कारण बाईला गायची मुभाच नव्हती. बारीच्या थिएटरात बाई मालकीण होती, बिदागी ठरवत होती, घर चालवत होती. शहाणा हात आणि बाईचं गाणं एकाच छपराखाली येतील, अशी सोय दोन्हीकडे कुणी केली नाही.

मध्येच सरकारनं हात घालून पाहिला. मुंबई राज्यात मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांच्या काळात तमाशावर बंदी आली. मग दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणेसाठी समिती बसली, वगाच्या संहिता तपासायची पद्धत आली. खुलताबाद तेव्हा निजामाच्या राज्यात, १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत तरी, त्यामुळे मुंबईचा कायदा इकडे फिरकायचं कारण नव्हतं. संहिता तपासून तमाशा तपासता येतो, हा समज मला नेहमीच भाबडा वाटत आला आहे. सोंगाड्याची अर्धी कला ऐनवेळी सुचलेल्या शब्दात असते. तो शब्द कागदावर कुठून सापडणार?

१९९३ साली अकलूजला मोहिते-पाटलांनी लावणी स्पर्धा सुरू केली, तेव्हा बारीतल्या बायांपुढे जाणकार परीक्षक बसले. पार्ट्यांना प्रतिष्ठा मिळाली, सभ्य घरांतल्या बायका लावणी बघायला आल्या. नोट आणि कलावंतीण यांच्यामध्ये शहाणा हात आला, असं म्हणायला हरकत नाही. पण स्पर्धेचा मांडव उठला, की पार्टीला परत थिएटरातच जायचं होतं.

इकडे मराठवाड्यात कव्वाली दर्ग्यातून निघून मैदानात उतरली. ‘जंगी मुकाबला’ अशी पोस्टरं लागू लागली. युसूफ आझाद आणि रशिदा खातून यांच्या मुकाबल्याच्या कॅसेटी गावोगाव वाजल्या. समाच्या अटींत न बसणारी बाई इथे बरोबरीनं, कधी वरचढ बसली. आंबेडकरी गायन पार्ट्यांनी हाच साचा उचलला. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांच्यासारखे गायक कव्वालीच्या थाटात सामने करत. एकानं प्रश्न टाकायचा, दुसऱ्यानं तिथल्या तिथे उत्तर बांधायचं. कलगी-तुऱ्याच्या सवाल-जवाबांवर पोसलेल्या श्रोत्यांना हे नवं नव्हतं. इथला निकाल लाउडस्पीकरवर लागतो. नोट मंचापर्यंत पोहोचली, की निवेदक माइक ओढून घेतो आणि देणाऱ्याचं नाव, गाव, कधी हुद्दाही, रकमेसकट पुकारतो. गायक अंतऱ्याच्या मध्येच थांबून मान लववतो, त्या नावावर एक ओळ जुळवतो, ढोलक ठेका धरून ठेवतो. तेवढ्यात समोरच्या रांगेतून आणखी मोठी नोट वर होते.