निम्नस्तरीय किरणोत्सारी कचरा : विल्हेवाट आणि नियमन

‘किरणोत्सारी कचरा’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अणुभट्टी उभी राहते. प्रत्यक्षात, आकारमानाचा विचार केला तर, या कचऱ्याचा सर्वांत मोठा भाग अगदी साध्या वस्तूंचा असतो : वापरलेले हातमोजे, कापसाचे बोळे, सुया, फरशी पुसण्याची फडकी, गाळणकागद. ज्या रुग्णाला किरणोत्सारी औषध दिले आहे, त्याचे मूत्रही काही काळ याच वर्गात मोडते. या कचऱ्यातील किरणोत्सार थोडा असतो, म्हणून त्याला ‘निम्नस्तरीय’ म्हणतात. मात्र ‘निम्न’ म्हणजे ‘निरुपद्रवी’ नव्हे. तो निरुपद्रवी होण्यास काही काळ जावा लागतो, आणि तेवढा काळ त्याच्यावर कोणाचे तरी लक्ष असावे लागते. या विषयातील सारे नियम या दोन गोष्टींभोवती फिरतात.

प्रथम काळाचा विचार करू. किरणोत्सारी पदार्थाचा निम्मा भाग क्षय पावण्यास जो काळ लागतो, त्याला अर्धायुष्य म्हणतात. अवटू ग्रंथीच्या कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य सुमारे ८ दिवस आहे. वाचन क्षणभर थांबवून एक हिशेब कागदावर करून पाहा. ८ दिवसांनी निम्मे, १६ दिवसांनी पाव, २४ दिवसांनी एक अष्टमांश. असे १० वेळा केले की मूळच्या १०२४ भागांपैकी एकच भाग उरतो, आणि तोवर केवळ ८० दिवस झालेले असतात. तपासणीसाठी वापरल्या जाणाऱ्या टेक्नेशियम-९९एम चे अर्धायुष्य तर अवघे ६ तास. अशा पदार्थांच्या बाबतीत उत्तम विल्हेवाट म्हणजे वाट पाहणे.

रुग्णालयात हे कसे घडते, ते पाहण्याजोगे आहे. आयोडीनची मोठी मात्रा दिलेल्या रुग्णाला स्वतंत्र खोलीत ठेवतात आणि त्या खोलीतील शौचालय नेहमीच्या गटाराला न जोडता खास टाक्यांना जोडलेले असते. एक टाकी भरली की ती बंद करून दुसरी सुरू करतात. बंद टाकीतील पाणी ठरलेला काळ तसेच राहू देतात, मग त्याचा नमुना तपासतात, आणि किरणोत्सार मर्यादेखाली आला असेल तरच ते गटारात सोडतात. घन कचरा चिठ्ठी लावून कुलूपबंद खोलीत ठेवतात. त्या चिठ्ठीवर पदार्थाचे नाव आणि तारीख असते. तारीख चुकली, किंवा पिशवी नेहमीच्या कचऱ्यात गेली, तर भौतिकशास्त्राचा बिनचूक हिशेबही निरुपयोगी ठरतो. ही पिशवी उचलणारा कामगार बहुधा त्या खात्याचा नसतो, आणि धोका त्यालाच अधिक असतो.

म्हणूनच कायद्याचा भर नोंदींवर आहे. १९६२ च्या अणुऊर्जा अधिनियमाखाली १९८३ साली अणुऊर्जा नियामक मंडळ स्थापन झाले आणि १९८७ साली किरणोत्सारी कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचे नियम करण्यात आले. त्यांनुसार सक्षम प्राधिकाऱ्याच्या अधिकारपत्राशिवाय कोणालाही असा कचरा टाकता येत नाही. तो कोठे, किती आणि कोणत्या स्वरूपात टाकायचा, हे अधिकारपत्रात ठरवून दिले जाते आणि संस्थेला त्याची नोंद ठेवावी लागते.

वाट पाहणे सर्वत्र पुरत नाही. अणुवीज केंद्रांच्या कचऱ्यात सीझियम-१३७ सारखे पदार्थ असतात. त्याचे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे. असा कचरा दाबून किंवा जाळून आकाराने लहान करतात, सिमेंटमध्ये घट्ट बसवतात आणि जमिनीलगतच्या चरांत किंवा काँक्रीटच्या खोल विवरांत ठेवतात. भारतात ही ठिकाणे तारापूर, ट्रॉम्बे यांसारख्या अणुकेंद्रांच्या आवारातच आहेत. भोवती कूपनलिका खणून भूजलाचे नमुने वेळोवेळी तपासले जातात. अर्धायुष्याच्या १० पटींचा हिशेब येथे ३०० वर्षांवर जातो. आजपासून ३०० वर्षे मागे गेलो, तर थोरले बाजीराव पेशवेपदावर होते. त्या काळाचे मोडी कागद पुण्याच्या पेशवे दफ्तरात अजून आहेत, परंतु ते सहज वाचणारे किती थोडे उरले आहेत, हे भाषेच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. काँक्रीट ३०० वर्षे टिकवणे कठीण खरेच. तेथे काय पुरले आहे हे सांगणारी नोंद वाचनीय ठेवणे अधिक कठीण आहे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

ही साखळी तुटली की काय होते, ते २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात दिसले. (तेथील स्रोत निम्नस्तरीय नव्हता, उदाहरण नोंदींच्या अभावाचे आहे.) एका विद्यापीठातील कोबाल्ट-६० असलेले जुने संशोधनयंत्र १९८५ पासून पडून होते. त्यात काय आहे, याची आठवण कोणी ठेवली नाही आणि ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले. यंत्र येऊन सुमारे ४० वर्षे झाली होती. कोबाल्टचे अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचे, म्हणजे मूळ किरणोत्साराच्या १०० भागांपैकी जेमतेम अर्धा भाग उरला होता. तेवढाही पुरेसा ठरला. यंत्र तोडताना उघड्या पडलेल्या कोबाल्टमुळे अनेक जण रुग्णालयात दाखल झाले आणि एकाचा मृत्यू झाला.

नियमानुसार वापर संपलेला स्रोत पुरवठादाराकडे किंवा अधिकृत केंद्राकडे परत जायला हवा, आणि त्याआधी मंडळाची संमती घ्यायला हवी. नियम होता, पण तो पाळला गेला की नाही हे पाहणारी व्यवस्था अपुरी होती. २०१२ साली नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने नेमके यावरच बोट ठेवले : विल्हेवाटीसाठी संमती दिलेल्या स्रोतांची विल्हेवाट खरोखर लागली का, हे पडताळण्याची योग्य यंत्रणा मंडळाकडे नव्हती. संमतीपत्र कार्यालयात आणि स्रोत अन्यत्र, अशी स्थिती त्यामुळे संभवते. पिवळ्या पार्श्वभूमीवरील तीन पात्यांचे किरणोत्साराचे चिन्ह तेव्हा यंत्रावर असले, तरी भंगार तोडणाऱ्या मजुराला त्याचा अर्थ कोणी सांगितलेला असेलच, असे नाही.