प्रक्षेपण केंद्रे आणि त्यांचा भूमीवरील ठसा : एक विवेचन

प्रस्तावना :
४ ऑक्टोबर १९५७ रोजी बैकोनूर येथून 'स्पुटनिक-१' अवकाशात झेपावला आणि अवकाशयुगाचा प्रारंभ झाला. तेव्हापासून अवकाश संशोधनाचा विचार प्रामुख्याने प्रक्षेपक, उपग्रह व त्यांची उपयुक्तता या अंगाने होत आला आहे. ज्या भूमीवरून ही उड्डाणे होतात, ती भूमी मात्र तुलनेने उपेक्षित राहिली. प्रस्तुत लेखात प्रक्षेपण केंद्रांच्या स्थाननिवडीची कारणे आणि त्यांचे पर्यावरणावर व स्थानिक लोकजीवनावर झालेले परिणाम यांचा परामर्श घेण्यात आला आहे.

स्थाननिवडीचे निकष :
पृथ्वीच्या परिवलनाचा वेग विषुववृत्तावर सेकंदाला सुमारे ४६५ मीटर असून ध्रुवांकडे तो कमी होत जातो. पूर्वेकडे सोडलेल्या प्रक्षेपकास हा वेग आयताच लाभतो. सुमारे ४६° उत्तर अक्षांशावरील बैकोनूरला तो सेकंदाला सुमारे ३२३ मीटर मिळतो. तर सुमारे ५° उत्तर अक्षांशावरील फ्रेंच गयानातील कुरू येथे जवळजवळ पूर्ण मिळतो. इंधनाची बचत व अधिक वजन वाहून नेण्याची क्षमता हे त्याचे फलित होय. दुसरा निकष सुरक्षिततेचा. जळून गेलेले टप्पे समुद्रात पडावेत, यासाठी पूर्वेस खुला समुद्र असलेला किनारा पसंत केला जातो. तिसरा निकष विरळ लोकवस्तीचा आहे.

'विरळ वस्ती'चा अर्थ :
हा तिसरा निकष वरकरणी निरुपद्रवी वाटतो. तथापि विरळ वस्ती म्हणजे निर्जन प्रदेश नव्हे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी भारतातील पहिला अग्निबाण तुंबा येथून सोडण्यात आला, ते मच्छीमारांचे गाव होते. १९७१ पासून कार्यरत असलेल्या श्रीहरिकोटा बेटावर यानादी आदिवासींचे वास्तव्य होते. ब्राझीलमधील आल्कांतारा हे केंद्र विषुववृत्तापासून अवघ्या २.३° अंतरावर आहे. तेथे गुलामगिरीतून मुक्त झालेल्या आफ्रिकी वंशजांची, म्हणजे किलोंबोला समाजाची, पिढ्यान्‌पिढ्यांची गावे होती. १९८० च्या दशकात त्यांपैकी ३१२ कुटुंबांना समुद्रापासून दूर, नियोजित वसाहतींत हलविण्यात आले. मासेमारीवर जगणाऱ्या समाजास शेतजमीन मिळाली, पण समुद्र दुरावला. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या निकालात आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयाने या समाजाच्या हक्कभंगाबद्दल ब्राझीलला जबाबदार ठरविले. भरपाई ही जमिनीची होते, उपजीविकेची होतेच असे नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

पर्यावरणीय परिणाम :
घन इंधनाच्या ज्वलनातून हायड्रोजन क्लोराइड वायू व ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण बाहेर पडतात. अमेरिकेतील केनेडी केंद्रावर अवकाशयानाच्या (स्पेस शटल) उड्डाणकाळात, म्हणजे १९८१ ते २०११ या काळात, प्रक्षेपण मंचालगतच्या वनस्पतींची हानी व उथळ पाण्यातील माशांचा मृत्यू यांची नोंद झालेली आहे. भूवेष्टित केंद्रांचा प्रश्न अधिक बिकट आहे. बैकोनूरहून सोडलेल्या प्रक्षेपकांचे टप्पे गवताळ प्रदेशात पडतात. २ जुलै २०१३ रोजी तेथे 'प्रोटॉन-एम' हा प्रक्षेपक उड्डाणानंतर काही सेकंदांतच कोसळला. त्यात विषारी इंधनाचा मोठा साठा होता. चीनमधील शिचांग केंद्राचे टप्पेही वस्तीजवळ पडल्याच्या घटना घडल्या आहेत. हैनान बेटावरील वेनचांग या किनारी केंद्रावरून २०१६ मध्ये पहिले उड्डाण झाले, त्याचे महत्त्व या संदर्भातही लक्षात येते.

याची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. सुरक्षिततेसाठी मोकळी ठेवलेली जमीन कित्येकदा वन्यजीवांना वरदान ठरते. केनेडी केंद्राभोवतीच्या मेरिट आयलंड या सुमारे १ लाख ४० हजार एकर क्षेत्रावर १९६३ पासून वन्यजीव अभयारण्य आहे. श्रीहरिकोट्यालगतच्या पुलिकत सरोवरात रोहित पक्ष्यांचे थवे आजही येतात. अर्थात माणसास मज्जाव असल्याने निसर्ग टिकला, हे समाधान विस्थापितांच्या प्रश्नाचे उत्तर ठरू शकत नाही.

समारोप :
श्रीहरिकोट्याहून दक्षिणेकडे ध्रुवीय कक्षेत जाणाऱ्या प्रक्षेपकास श्रीलंका टाळण्यासाठी वळसा घ्यावा लागतो व त्यात इंधन खर्ची पडते. ही अडचण दूर करण्यासाठी तमिळनाडूतील कुलसेकरपट्टिणम येथे नव्या केंद्राची पायाभरणी फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली. या केंद्राची तांत्रिक उपयुक्तता निर्विवाद आहे. उपग्रहांमुळे वादळाची पूर्वसूचना मिळते व तिचा लाभ किनाऱ्यावरील मच्छीमारासच सर्वप्रथम होतो, हेही खरे. म्हणूनच प्रश्न केंद्र असावे की नसावे हा नसून, त्याची किंमत कोणी व कोणत्या अटींवर मोजावी हा आहे. अक्षांश व समुद्र यांचे गणित मांडताना त्या किनाऱ्यावर जगणाऱ्या माणसांची उपजीविका हाही एक निकष मानला गेला, तरच अवकाशविज्ञानाची प्रगती खऱ्या अर्थाने सर्वसमावेशक ठरेल.