पुण्याच्या फूटपाथांची दहा वर्षं

रस्ता रुंद करायचा म्हणजे फूटपाथ कापायचा, ही आपल्या शहरांची जुनी रीत. २०१६ साली पुणे महापालिकेनं पादचारी धोरण मंजूर केलं तेव्हा या रीतीला पहिल्यांदा कागदोपत्री तरी नकार मिळाला. मापं त्याआधीही होती. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२च्या सुधारित संहितेत चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी, डोक्यावर २.२ मीटर मोकळी उंची आणि १५ सेंटिमीटरहून उंच नसलेला कर्ब, असं सगळं लिहिलेलं होतं. पालिकेच्या नकाशांत मात्र ते फारसं उतरत नव्हतं. शहरानं रस्तारचनेची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वं तयार केली आणि हे चित्र बदलू लागलं.

जंगली महाराज रस्त्यावर तो बदल डोळ्यांना दिसला. वर्षानुवर्षं हा रस्ता खड्डे न पडण्यासाठी नावाजलेला, म्हणजे कौतुक सगळं डांबराचं. नव्या आराखड्यानं तिथं ऐसपैस फूटपाथ केले, बसायला बाकं दिली, मुलांना खेळायची जागा दिली आणि जुन्या झाडांची सावली चालणाऱ्यांच्या वाट्याला आली. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती पट्ट्यांची विभागणी. झाडं, दिव्याचे खांब, बाकं एका पट्ट्यात आणि चालायची वाट वेगळी. एरवी तीन मीटरच्या फूटपाथवर मधोमध विजेचा डीपी बसवला, की कागदावर रुंदी शाबूत राहते आणि बाबागाडी घेऊन निघालेली आई मात्र रस्त्यावर उतरते.

११ डिसेंबर २०२१ला लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा वाहनांसाठी बंद ठेवून पुण्यानं पादचारी दिन साजरा केला. एरवी हॉर्नच्या गोंगाटात दबून जाणाऱ्या त्या बाजारपेठेत लोक रस्त्याच्या मधून निवांत चालले. असा दिवस हवाच, पण उरलेल्या दिवसांचं काय, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं.

कारण देखणे रस्ते सोडून आत वळलं, की फूटपाथ तुटतो. सोसायटीच्या प्रत्येक फाटकापाशी गाडीसाठी उतार काढलेला असतो आणि चालणाऱ्याला दर पंचवीस पावलांवर खाली-वर करावं लागतं. खरं तर फाटकासमोरही फूटपाथची पातळी तीच राहावी आणि गाडीनं चढून यावं, असा नियम आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला रुंदीहून हा सलगपणा अधिक हवा असतो. त्यात केबलसाठी खोदाई होते, पेव्हर ब्लॉक कसेबसे परत बसवले जातात आणि पहिल्या पावसात ते डुगडुगू लागतात.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वापरण्याजोगा फूटपाथ हा घटनेच्या कलम २१खालील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं स्पष्ट केलं. आता ठेकेदाराचं बिल मंजूर होण्याआधी अभियंत्यानं चाकांच्या खुर्चीत बसून एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत जावं. खुर्ची जिथं अडेल तिथपर्यंतच्याच कामाचे पैसे द्यावेत.