काचेच्या पेटीतील हिरवळ

पावसाळ्यात जुन्या वावेच्या पायऱ्यांवर जे निसरडे हिरवे आवरण चढते, त्याला सरसकट शेवाळ म्हणण्याचा प्रघात आहे. वनस्पतिशास्त्र मात्र येथे दोन निराळे वर्ग मानते. खोड व पान असा भेद नसलेली ती शैवले. आणि इवलेसे खोड व पाने असलेली, परंतु खरी मुळे नसलेली ती हरिता, म्हणजेच मॉस. घरातील मत्स्यपेटीत पहिली नकोशी असतात, दुसरी हवीशी. हा भेद ध्यानी न आल्यास हौशी माणूस नको ते वाढवतो आणि हवे ते खरवडून टाकतो.

मत्स्यपेटीत बहुधा आढळते ते जावा मॉस. शास्त्रीय नाव टॅक्सिफायलम बार्बिएरी. ते आग्नेय आशियातील. मुळेच नसल्यामुळे त्यास माती लागत नाही. अन्नद्रव्ये ते पानांवाटे थेट पाण्यातून घेते. दगडावर वा लाकडावर त्याचा पातळ थर पसरून सुती दोऱ्याने बांधावा. काही आठवड्यांत बारीक तंतूंनी ते स्वतःच पकड घेते आणि दोरा कुजून जातो. थर जाड असल्यास खालच्या भागास उजेड मिळत नाही व तो सडतो. मंद उजेड दिवसाला सहा ते आठ तास पुरतो. खिडकीतील ऊन पडल्यास शैवले माजतात. वाढ कात्रीने छाटावी आणि तुकडे जाळीने काढून घ्यावेत, कारण प्रत्येक तुकडा जेथे अडकेल तेथे रुजतो.

बडोद्यात खरी कसोटी असते ती उन्हाळ्याची. या वनस्पतीस 20 ते 25 अंश सेल्सियसचे पाणी मानवते; 30 अंशांपुढे ती क्षीण होऊ लागते. मे महिन्यात येथील पारा 40 अंशांवर जातो. शिवाय पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू घटतो. 20 अंशांच्या एक लिटर पाण्यात तो सुमारे 9 मिलिग्रॅम मावतो, तर 35 अंशांना जेमतेम 7. रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात, आणि कुजणारे मॉस उरलासुरलाही ओढून घेते. नवजात पिले मोठ्या माशांच्या तोंडून वाचतात ती याच मॉसच्या आडोशाने, आणि त्यांचे पहिले अन्न असलेले सूक्ष्म जीवही त्यातच वाढतात. म्हणून मॉस गेले की बहुधा पिलेही जातात.

यावरील उपाय माठाने फार पूर्वीच शिकविला आहे. पाण्याची वाफ होताना उष्णता निघून जाते. पेटीचे झाकण काढून पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंख्याचा वारा सोडल्यास, कोरड्या हवेत पाणी काही अंशांनी उतरते. पावसाळ्यातील दमट हवेत हा उपाय तितका चालत नाही. बर्फ टाकणे अयोग्य. तपमान एकाएकी उतरले की मासे दगावतात. वाफेने पाणी जाते, क्षार मात्र मागे राहतात. तेव्हा केवळ भर घालून भागत नाही. आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलणे अगत्याचे ठरते. नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरिन असतो. पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवल्यास साधा क्लोरिन उडून जातो.

छाटलेल्या मॉसचे काय करावे, हा प्रश्नही क्षुल्लक नव्हे. दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी सुंदर फुलांसाठी देशोदेशी नेली गेली आणि पुढे भारतातील कित्येक नद्या-तळी तिने गुदमरवून टाकली. विश्वामित्रीच्या पात्रात मगरींची वस्ती आहे, सूरसागर तर शहराच्या मध्यभागी. परकी वनस्पती या पाण्यात सोडणे म्हणजे परत न घेता येणारी चूक होय. छाटण उन्हात कडकडीत वाळवावे आणि कुंडीतील मातीत मिसळावे. काचेच्या पेटीतील हिरवळ पेटीतच शोभते.