गोळी लागू पडते का?

दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयाच्या धमनीत स्टेंट बसला. तेव्हापासून रोज ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन. मध्यंतरी छातीत पुन्हा दुखलं, तेव्हा डॉक्टरांनी गोळी लागू पडते की नाही ते तपासायला सांगितलं. या तपासणीला ताजं रक्त लागतं, म्हणून साताऱ्याहून पुण्याला गेलो.

जखम झाली की रक्तातल्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून गुठळी करतात. तीच गुठळी हृदयाच्या धमनीत झाली तर झटका येतो. चिकटण्यासाठी त्या थ्रॉम्बॉक्सेन नावाचं द्रव्य बनवतात. ते बनवणाऱ्या एन्झाइमला ॲस्पिरिन कायमचं कुलूप घालतं. पण प्लेटलेट सात ते दहा दिवसच जगते, रोज नव्या येतात. म्हणून गोळी रोज.

तपासणीत प्लेटलेट्सचा गढूळ द्रव नळीत घेऊन त्यात अरॅकिडोनिक आम्ल घालतात आणि आरपार उजेड सोडतात. प्लेटलेट्स चिकटल्या तर द्रव निवळतो. उजेडाची ही पद्धत गुस्ताव्ह बॉर्न यांनी १९६२ साली मांडली.

माझा द्रव निवळला. म्हणजे गोळी लागू नव्हती! मी घाबरलो. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "आणखी काय घेता?" गुडघ्यासाठी रोज सकाळी आयब्युप्रोफेन घेत होतो, कुणाला न विचारता.

एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं आयब्युप्रोफेन त्या एन्झाइमवरची जागा अडवतं. ॲस्पिरिन येतं, जागा नाही म्हणून तासाभरात निघून जातं. पुढे रुमालवालाही उतरतो आणि जागा मोकळीच राहते.

बहुतेकदा कारण असंच साधं असतं. गोळी चुकते. रमजानमध्ये वेळ बदलताना माझीही चुकली होती. इफ्तारनंतरची वेळ डॉक्टरांशी बोलून आधीच ठरवायला हवी होती. मधुमेहात नव्या प्लेटलेट्स लवकर येतात. फिलाडेल्फियात ४०० निरोगी माणसांना ॲस्पिरिन देऊन तपासलं, तेव्हा खरा प्रतिरोध एकातही सापडला नाही, असं २०१३ साली प्रसिद्ध झालं. आवरण असलेली गोळी सावकाश विरघळते, त्यामुळे तसा भास होत होता. फ्रान्समध्ये स्टेंटच्या २,४४० रुग्णांच्या अभ्यासात तपासणीनुसार औषधं बदलूनही फायदा दिसला नाही, हे २०१२ साली समोर आलं. म्हणून ही तपासणी सरसकट करत नाहीत.

तेव्हा अहवाल पाहून ॲस्पिरिन आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या.

गुडघ्याची गोळी बदलली आणि महिन्याने पुन्हा तपासणी झाली. द्रव गढूळच राहिला. गढूळ पाण्याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता!