मधल्या इंजिनाचा ताप

१९७१ साली जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात लॅम्बोर्गिनीने एक पिवळीधमक, पाचरीच्या आकाराची गाडी उभी केली. कुंताश एलपी ५००. बेर्तोनेच्या मार्चेल्लो गांदिनीची ती रेखाटणी होती आणि इंजिन चालकाच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या पुढे. इंजिनाला हवा मिळावी म्हणून बाजूच्या पत्र्याला काही बारीक फटी ठेवल्या होत्या. प्रदर्शनाच्या दिव्यांखाली त्या पुरेशा होत्या, रस्त्यावर पुरल्या नाहीत. बॉब वॉलेस हा कंपनीचा चाचणी चालक गाडी पळवू लागला आणि इंजिन तापू लागलं. १९७४ मध्ये एलपी ४०० विक्रीला आली तेव्हा तिच्या खांद्यांवर दोन ठसठशीत हवापेट्या आल्या होत्या आणि दारापासून मागच्या चाकाकडे एक खोल त्रिकोणी खाच गेली होती. आज लोक कुंताश ओळखतात ती याच पेट्यांवरून. मला मूळची सपाट गाडी जास्त देखणी वाटते, पण ती फार लांब जाऊ शकली नसती.

इंजिन पुढे असलेल्या गाडीत रेडिएटर, पंखा, पंप, इंजिन सगळं हातभर अंतरात असतं आणि समोरून वारा फुकट मिळतो. इंजिन मध्ये नेलं की वजनाचा तोल सुधारतो, वळणावर गाडी चपळ होते, आणि थंडाव्याची सगळी व्यवस्था मोडते. पेट्रोलच्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग चाकांकडे जातो, एक सायलेन्सरमधून बाहेर पडतो आणि उरलेला पाण्यात उतरतो. समजा, भरधाव गाडीत साठ किलोवॅट उष्णता पाण्यात येतेय. रेडिएटरमध्ये पाणी दहा अंशांनी निवायचं असेल तर सेकंदाला जवळजवळ दीड लिटर पाणी फिरायला हवं. तीच उष्णता वाऱ्याने चाळीस अंश तापून उचलायची म्हटली तर सेकंदाला सुमारे सव्वा घनमीटर हवा लागते. शिवाय रेडिएटरची ताकद पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. पाणी ९५ अंशांवर असेल तर युरोपातल्या वीस अंशांच्या दिवशी हा फरक ७५ चा असतो. नागपुरात मे महिन्यात, पारा ४५ वर असताना, तो ५० उरतो. म्हणजे तोच रेडिएटर एक तृतीयांशाने दुबळा होतो.

मग रेडिएटर ठेवायचा कुठे? नाकात ठेवला तर हवा उत्तम मिळते, पण गरम पाण्याचे नळ बैठकीजवळून न्यावे लागतात. फेरारीच्या ५१२ बीबीआयमध्ये त्यामुळे आतले लोक शिजत. १९८४ च्या टेस्टारोसात रेडिएटर मागे, दोन्ही बाजूंना नेले. गाडी मागून रुंद झाली, पुढे सामानाला जागा आली, आणि बाजूच्या मोठ्या तोंडांवर त्या प्रसिद्ध आडव्या पट्ट्या आल्या. काही देशांच्या कायद्याला एवढी उघडी तोंडं चालत नसत, हे त्या पट्ट्यांमागचं एक कारण. नंतर किती हौशी लोकांनी आपापल्या गाड्यांवर त्या नुसत्या शोभेला चिकटवल्या, त्याची गणतीच नाही!

हौशी लोकांची खरी कसोटी पोर्शे ९१४ वर लागते. १९६९ ते १९७६ या काळात बनलेल्या या छोट्या गाडीचं मधलं इंजिन हवेवर थंड होणारं, म्हणजे तिला मुळात रेडिएटरच नाही. अमेरिकेत अनेकांनी ते काढून तिथे शेव्हरलेचं आठ सिलिंडरचं लोखंडी इंजिन बसवलं. ताकद कित्येक पट वाढली आणि पाण्याची अख्खी व्यवस्था शून्यातून उभी करायची वेळ आली. रेडिएटर पुढच्या डिकीत येतो. नाकाचा पत्रा कापून हवेला तोंड देतात. गाडी तरीही तापते, म्हणून आणखी मोठा रेडिएटर आणतात, मग जाड गाभ्याचा, मग दोन पंखे. दोष बहुधा दुसऱ्या टोकाला असतो. पुढचं दार उघडं आणि मागचं बंद असलेल्या घरात वारा शिरत नाही. डिकीत आलेल्या हवेला बाहेरची वाट नसेल तर ती तिथेच दाटते आणि नव्या हवेला अडवते. म्हणून चाकांच्या कमानीत किंवा तळाला भोकं पाडावी लागतात, नाहीतर बॉनेटवर. बॉनेटवरही जागा जपून निवडावी लागते. पुढच्या भागात दाब कमी असतो, काचेच्या पायथ्याशी तो चढतो. तिथे काढलेल्या भोकातून हवा उलटी आत येते.

हे शास्त्र विमानवाल्यांना आधीच उमगलं होतं. ब्रिटनमधल्या फार्नबरोच्या विमानसंशोधन संस्थेतल्या एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी १९३५ च्या सुमारास दाखवून दिलं की लहान तोंडातून घेतलेली हवा रुंदावत जाणाऱ्या बोगद्यात मंद करावी, रेडिएटरमधून सावकाश न्यावी आणि निमुळत्या वाटेने बाहेर सोडावी. असं केलं तर रेडिएटरचा अडथळा बराच भरून निघतो. मस्टँग विमानाच्या पोटाखालचा फुगवटा याच तत्त्वावर बेतलेला आहे. त्याचं तोंड पोटाला चिकटलेलं नाही, थोडं खाली सोडलेलं आहे, कारण पृष्ठभागालगतची हवा रेंगाळलेली असते. गाडीच्या बाजूलाही तेच. नासाच्या आधीच्या नाका या संस्थेने १९४० च्या दशकात विकसित केलेली बुडती त्रिकोणी खाच दिसायला सुंदर असते, थोड्या हवेसाठी चांगलीही असते, पण रेडिएटरची भूक तिच्याने भागत नाही. कुंताशलाही नुसत्या खाचेवर निभावता आलं नाही.

पत्रा कापण्याआधी मोजता येतं, आणि फार स्वस्तात. यू आकारात वाकवलेली पारदर्शक नळी, तिच्यात रंगीत पाणी, आणि दोन टोकं रेडिएटरच्या पुढे-मागे. ताशी १०० किलोमीटरला वाऱ्याचा पूर्ण दाब पाण्याच्या जेमतेम ४७ मिलिमीटरइतका असतो. एवढीच काय ती पुंजी. त्यातला किती भाग गाभ्यापर्यंत पोचला, ते नळी सांगते. ताशी २० ला हाच दाब दोन मिलिमीटरसुद्धा भरत नाही. तिथे पंखाच हवा, आणि तोही नीट श्राउडमध्ये, म्हणजे भोवतीच्या आवरणात, बसवलेला.

पाण्याच्या बाजूची दुखणी वेगळी. रेडिएटर पुढे आणि खाली, इंजिन मागे आणि वर, मध्ये दोन-अडीच मीटरचे नळ. अशा व्यवस्थेत एअर धरते. पंपाच्या ओढीने मऊ होज आत चेपतो, म्हणून त्यात स्प्रिंग घालतात. सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे तापमानाचा सेन्सर वाफेच्या कप्प्यात सापडणं. पाणी उकळत असतं आणि काटा खाली येतो. चालक निर्धास्त, हेड गॅस्केट उडालेलं. उपाय जुनाच आहे. सगळ्यांत उंच जागी एक टाकी, इंजिनच्या आणि रेडिएटरच्या माथ्यावरून तिच्याकडे येणाऱ्या बारीक नळ्या, आणि तिच्या तळातून पंपाच्या ओढीकडे जाणारी एक जाड नळी. १९८४ ते १९८८ मध्ये बनलेल्या, मधल्या इंजिनाच्या पॉन्टिॲक फिएरोत पाणी भरायला पुढे रेडिएटरपाशी एक आणि मागे थर्मोस्टॅटपाशी एक अशी दोन तोंडं होती. तिचे नळ गाडीच्या तळाशी कडेने जात. टायर बदलणाऱ्याने नेमका तिथेच जॅक लावला की नळ चेपायचा, आणि महिन्याभराने मालक इंजिनला दोष देत बसायचा.

आपल्याकडे मधल्या इंजिनाची गाडी स्वतःच्या हातांनी बांधणारे भेटतात ते अभियांत्रिकी महाविद्यालयांत. फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेतल्या गाड्यांत इंजिन चालकाच्या पाठीमागेच असतं आणि ते पुष्कळदा केटीएम ३९० मोटारसायकलचं, म्हणजे चाकणला बनलेलं. मोटारसायकलवर त्याचा रेडिएटर थेट वाऱ्यात असतो. इथे तो कडेच्या खोक्यात जातो, पुढच्या चाकाने घुसळलेल्या हवेत. भरीला नियम असा की कूलंट चालणार नाही, साधं पाणीच वापरायचं. कूलंटमधलं सांडलेलं ग्लायकॉल ट्रॅक निसरडा करतं ना! सुमारे २२ किलोमीटरच्या सहनशक्ती शर्यतीत अर्ध्यावर चालक बदलतो आणि तेव्हा इंजिन बंद करावं लागतं. मोटारसायकलचा पाण्याचा पंप इंजिनवरच फिरतो. इंजिन थांबलं की पाणी थांबतं, पण तापलेल्या धातूतली उष्णता पाण्यात उतरतच राहते. धावताना सुरळीत चाललेल्या गाड्या या दोन-तीन मिनिटांत उकळतात आणि पुन्हा चालूच होत नाहीत. म्हणून काही संघ विजेवरचा वेगळा पंप लावतात, आणि काही जण वजन वाचवायला तो टाळून नशिबावर हवाला ठेवतात.